आधी जमीन, मग रायफल: विस्कॉन्सिनमधली हरणाची शिकार समजून घेताना

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवसांनी संपतो. साडेपाच लाखांच्या आसपास लोक त्यासाठी परवाना काढतात. त्यांतले बरेचसे खेड्यांतले असतात. शेतकरी, दूधवाले, लाकूडतोडीवर आणि कारखान्यांत काम करणारे. मिळालेलं मांस हिवाळाभर घरात शिजतं.

या विषयात नव्याने येणारा माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न रायफलीचा विचारतो. कुठली घेऊ, कुठल्या काडतुसाची घेऊ, दुर्बीण कुठली बसवू? हा क्रम उलटा आहे. शिकारीला जागा कुठली मिळणार यावर गोळी किती अंतरावर झाडायची वेळ येणार हे ठरतं. अंतरावरून काडतूस ठरतं आणि काडतुसावरून रायफल. दाट जंगलातल्या माणसाने तीनशे यार्डांची (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) रायफल घेतली तर ती जड, लांब आणि महाग पडते. मोकळ्या शेताच्या कडेला बसणाऱ्याने जुनी लिव्हरची (चापाभोवतीची दांडी खाली-वर करून भरायची) रायफल घेतली तर हरीण डोळ्यांसमोर असूनही गोळी झाडणं योग्य ठरत नाही. म्हणून या लेखातही आधी जमीन येते.

हरीण कुणाचं?

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. सगळी व्यवस्था एका तत्त्वावर उभी आहे: जमीन खाजगी असू शकते, तिच्यावर चरणारं रानटी हरीण खाजगी नसतं. ते जनतेच्या मालकीचं, आणि राज्य त्याचं विश्वस्त. शेतकऱ्याने कुंपण घातलं म्हणून हरीण त्याचं होत नाही. आपल्याच शेतात हरीण मारायलाही त्याला परवाना आणि टॅग, म्हणजे एका हरणापुरती मंजुरी, लागते. उलट, तुमच्याकडे परवाना आहे म्हणून त्याच्या शेतात पाऊल टाकायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि नवख्यांचे बरेचसे वाद ते एकच समजल्यामुळे होतात.

ही व्यवस्था अनुभवातून आली. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडीच्या बाजारासाठी इतकी कत्तल झाली की १९०० च्या सुमारास देशभरात या हरणांची संख्या पाच लाखांच्याही खाली गेली असावी असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास मानतात. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. रानटी हरणाचं मांस विकता येत नाही, फक्त खाता किंवा देता येतं. हॉटेलात मिळणारं हरणाचं मांस पाळीव कळपांमधलं असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोह्यासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. इथे सांगितलेलं काहीही तिकडे लागू होत नाही.

परवाना, टॅग आणि व्हिसा

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनचा परवाना काढण्याआधी शिकारी-शिक्षणाचा कोर्स पूर्ण करावा लागतो. कोर्स न करता सुरुवात करायची असेल तर प्रमाणपत्रधारक मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करण्याची सोय आहे. राज्याच्या रहिवाशाला बंदुकीच्या हंगामाचा परवाना २४ डॉलरना मिळतो. शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या शिकागोहून येणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

परवान्याबरोबर एका शिंगवाल्या नराचा टॅग येतो. बिनशिंगी हरणांचे, म्हणजे माद्या आणि पाडसांचे, टॅग विभागागणिक, बहुधा जिल्ह्यागणिक, ठरतात. हरणं वाढलेल्या शेतीच्या पट्ट्यात ते भरपूर असतात, उत्तरेच्या जंगलात मोजके. कारण सरळ आहे. एक नर अनेक माद्यांना फळवतो, त्यामुळे नर मारून कळप कमी होत नाही. संख्या आवरायची असेल तर माद्या कमी कराव्या लागतात, आणि कडक हिवाळ्यानंतर संख्या वाढू द्यायची असेल तर माद्यांना हात लावायचा नाही. बिनशिंगी टॅग विशिष्ट विभागाचा असतो, आणि शेजारच्या विभागात तो निरुपयोगी. खाजगी आणि सार्वजनिक जमिनीचे बिनशिंगी टॅगही वेगळे असतात. म्हणजे टॅग निवडतानासुद्धा जमीन आधी ठरलेली हवी.

मराठी मंडळींपैकी जे एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर अमेरिकेत आहेत त्यांनी पुढचं नीट वाचावं. केंद्रीय कायद्यानुसार स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवायला मनाई आहे. याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना संपला की अपवादही संपतो, आणि कपाटातली रायफल त्या दिवसापासून गंभीर गुन्हा ठरते. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेतली तरी तो ताबाच. म्हणून परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर. ग्रीनकार्डधारकांना ही अट लागू नाही.

जमीन

विस्कॉन्सिनच्या बऱ्याचशा भागाची मोजणी चौरस मैलांच्या चौकटीत झाली आहे. एक चौकट ६४० एकरांची. तिचे सोळा तुकडे केले की ४० एकरांचा चौकोन होतो. त्याला इथे नुसतं 'फॉर्टी' म्हणतात, आणि जमिनीची सगळी बोलणी याच मापात चालतात. या चौकोनाची बाजू साधारण ४०० मीटर. .३०८ या नेहमीच्या काडतुसाची गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे ४० एकरांवर झाडलेली आणि अडली नाही अशी प्रत्येक गोळी दुसऱ्याच्या जमिनीत जाते. हरणाच्या मागे माती नसेल, टेकाडाच्या माथ्यावर ते आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असेल, तर गोळी झाडायची नाही.

खाजगी जमिनीत जायला परवानगी हवीच. पाटी लावलेली नसली, कुंपण नसलं, तरीही. काही राज्यांत पाटी नसेल तर प्रवेश चालतो, झाडांवर जांभळा पट्टा मारला की तो मज्जावाचा फलक मानतात. विस्कॉन्सिनमध्ये तसं नाही. आणखी महत्त्वाचं म्हणजे तुम्ही कायदेशीर जागेवर जखमी केलेलं हरीण शेजारच्या हद्दीत जाऊन पडलं, तरी त्याच्या मागे विनापरवानगी जाता येत नाही. मालकाने नाही म्हटलं तर ते हरीण गेलं. म्हणून बसायची जागा हद्दीपासून किमान शंभर-दीडशे यार्ड आत घ्यावी, आणि हंगामाआधी शेजारच्या मालकांचे फोन नंबर मिळवून ठेवावेत. फुप्फुसात गोळी बसलेलं हरीणसुद्धा शंभर यार्ड सहज पळतं.

मालक कोण हे जिल्ह्याच्या प्लॅट बुकात सापडतं. आपल्याकडच्या सातबाऱ्याचं काम काही अंशी ते करतं: कुठला तुकडा, किती एकर, कुणाच्या नावावर. हीच माहिती आता फोनवरच्या नकाशात मिळते, पण नकाशातली रेघ काही मीटर इकडेतिकडे असू शकते. शेताच्या कोपऱ्यावरची खूण किंवा जुनं कुंपण प्रत्यक्ष पाहून घ्यावं.

परवानगी मागायची वेळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. हंगामाच्या आदल्या दिवशी दार वाजवणाऱ्याला नकारच मिळतो, आणि तो योग्यच असतो. सोयाबीन-मक्याची कापणी ऐन भरात असताना जाऊ नये. दूध काढायच्या वेळा टाळाव्यात. एकट्याने जावं, शिकारीचे कपडे घालू नयेत, आणि एका कागदावर नाव, फोन, गाडीचा नंबर, कुठल्या तारखांना यायचं आहे आणि किती माणसं, हे लिहून द्यावं. आधी मादी मारायची परवानगी मागितली तर दार लवकर उघडतं, कारण शेतकऱ्याचा मका खाणाऱ्या कळपात माद्याच जास्त असतात. परवानगी मिळाल्यावर ती लेखी घ्यावी. गाडी कुठे लावायची, कुठल्या कुरणात गुरं आहेत, मचाण लावलेलं चालेल का, हे तेव्हाच विचारावं. ओल्या शेतातून गाडी घालून चाकोऱ्या पाडणं, फाटक उघडं टाकणं आणि न विचारता मित्राला घेऊन येणं, या तीन गोष्टींनी मिळालेली परवानगी हमखास जाते.

मालकाच्या मनात एक भीती असते: हा माणूस माझ्या जमिनीत पडला तर माझ्यावर दावा लावेल का? विस्कॉन्सिनचा कायदा इथे मालकाच्या बाजूने आहे. करमणुकीसाठी जमीन वापरू देणाऱ्या खाजगी मालकाला अपघाताच्या जबाबदारीपासून संरक्षण मिळतं. मात्र त्या वापरातून वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त मोबदला घेतला तर ते जातं. हे मालकाला नीट सांगता आलं तर अर्धं काम होतं. आभार म्हणून कुंपण दुरुस्तीला एक दिवस देणं किंवा मांसाचा वाटा देणं ही इथली रीत आहे.

ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक जमीन आहे, आणि उत्तर विस्कॉन्सिनमध्ये ती भरपूर आहे. शेक्वामेगन-निकोले हे राष्ट्रीय जंगल सुमारे १५ लाख एकरांचं. त्याशिवाय ३० जिल्ह्यांची स्वतःची जिल्हा-जंगलं मिळून सुमारे २४ लाख एकर. दक्षिणेकडे, जिथे शहरं आणि शेती आहे, तिथे सार्वजनिक तुकडे लहान आणि गर्दीचे.

यांच्या मधे एक प्रकार आहे जो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. आपलं जंगल शास्त्रशुद्ध राखणाऱ्या मालकाला मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ नावाच्या योजनेत मालमत्ता करात मोठी सूट मिळते. जमीन लोकांसाठी बंद ठेवायची असेल तर त्याला जादा रक्कम भरावी लागते. ज्यांनी ती भरलेली नाही त्यांची जमीन 'खुली' असते, आणि तिथे शिकारीला पायी जाण्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. मचाण लावायला मात्र लागते. अडचण अशी की असा तुकडा कधीकधी चारही बाजूंनी बंद खाजगी जमिनीने वेढलेला असतो. तुकडा खुला असला तरी तिथवर जायची वाट खुली नसते. नकाशात आधी रस्ता शोधावा, मग झाडी.

पीक-नुकसानीच्या भरपाईशीही शिकारीचा सांधा जोडलेला आहे. हरणांनी पीक खाल्ल्याबद्दल राज्याच्या योजनेतून भरपाई घेणाऱ्या शेतकऱ्याला आपली जमीन शिकाऱ्यांसाठी उघडावी लागते, आणि भरपाईचा पैसा मुख्यतः शिकारी परवान्यांवरच्या अधिभारातून आणि जादा टॅगांच्या विक्रीतून येतो. नुकसान, भरपाई आणि हरणांची संख्या या तिन्ही गोष्टी एका दोरीत ओवण्याचा हा विचार आम्हाला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. अशा शेतांची यादी जिल्हा कार्यालयात मिळते, आणि नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

उत्तरेच्या जंगलात फिरताना हेही माहीत असावं की ओजिब्वे जमातींनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन दिली तेव्हा तिथे शिकार करण्याचा हक्क राखून ठेवला होता. १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. त्यामुळे जमातीचे सदस्य त्या भागातल्या सार्वजनिक जमिनीवर स्वतःच्या नियमांनी आणि वेगळ्या हंगामात शिकार करतात. ते पूर्णपणे कायदेशीर आहे.

पश्चिमेकडच्या राज्यांत जमिनीचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिथे रेल्वेला दिलेल्या जुन्या अनुदानांमुळे सरकारी आणि खाजगी चौकटी बुद्धिबळाच्या पटावरच्या घरांप्रमाणे आलटूनपालटून आहेत. दोन सरकारी चौकटी फक्त कोपऱ्यात एकमेकींना टेकतात. खाजगी जमिनीला पाय न लावता तो कोपरा ओलांडणं अतिक्रमण ठरतं का, यावर वायोमिंगमधला खटला वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो त्या न्यायालयाच्या कक्षेतल्या सहा राज्यांपुरता आहे, माँटानासाठी नाही.

अंतरावरून काडतूस

आता रायफल. उत्तरेच्या जंगलात झाडीतून दिसणारं अंतर बहुधा शंभर यार्डांच्या आत असतं, म्हणजे ९१ मीटर. दक्षिणेच्या शेतकडांवर ते दोनशे-अडीचशेपर्यंत जातं. विस्कॉन्सिनमध्ये .२२ रिमफायरने (बुडाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या छोट्या काडतुसाने) हरीण मारता येत नाही. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसाची, रायफल हवी.

जंगलासाठी .३०-३० विंचेस्टर हे १८९५ पासूनचं काडतूस आजही पुरतं. १५० ते १७० ग्रेनची गोळी (१५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅम) दीडशे यार्डांपर्यंत आपलं काम चोख करते. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर ती आठ इंच खाली जाते, म्हणून त्यापुढे ती वापरू नये. लिव्हरची रायफल हलकी, आखूड, झुडपांत न अडकणारी. तिच्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात आणि प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडावरच्या, ठोक्याने पेट घेणाऱ्या टिकलीला) टेकतं. टोकदार धातूची गोळी भरली तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. चपट्या टोकाच्या किंवा मऊ रबरी टोकाच्या, याच कामासाठी बनवलेल्याच गोळ्या भराव्यात.

जंगल आणि शेत दोन्हीकडे एकच रायफल वापरायची असेल तर बोल्ट ॲक्शन (बोल्ट नावाचा दांडा हाताने मागेपुढे करून भरायची) घ्यावी, काडतूस .२४३ विंचेस्टर, ७ मिमी-०८, ६.५ क्रीडमूर, .३०८ किंवा .२७० यांपैकी कुठलंही. यांच्यातल्या फरकांवर लोक तासन् तास बोलतात, पण अडीचशे यार्डांच्या आत हरणाला तो फरक कळत नाही. माणसाच्या खांद्याला मात्र कळतो. .३०-०६ चा धक्का .२४३ च्या जवळजवळ दुप्पट असतो. धक्क्याची भीती बसली की चाप दाबताना डोळे मिटतात, खांदा पुढे जातो आणि गोळी खाली-डावीकडे लागते. बारीक अंगाच्या किंवा पहिल्यांदा रायफल धरणाऱ्या माणसाला आम्ही ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर सुचवतो. .२४३ही चालते, फक्त तिच्यात ९५ ते १०० ग्रेनची हरणासाठीचीच गोळी हवी. कोल्ह्याकुत्र्यांसाठी बनवलेली हलकी गोळी खांद्यावरच फुटते आणि आत जात नाही.

काडतूस निवडताना गावच्या दुकानात काय मिळतं हेही बघावं. हंगामाच्या आदल्या आठवड्यात .३०८ आणि .३०-०६ कुठेही सापडतात. नवलाईची काडतुसं सापडत नाहीत.

आसपासच्या काही राज्यांत मात्र निवड कायदाच करतो. ओहायो आणि आयोवाच्या सपाट, दाट वस्तीच्या शेतीपट्ट्यात गोळी फार दूर जाऊ नये म्हणून रायफल वापरायची तर बहुधा सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं लागतात, जशी .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर. इलिनॉयमध्ये २०२३ पासून अशा काडतुसाची रायफल चालते, पण ती एका वेळी एकच काडतूस घेणारी हवी. शिकागोच्या माणसाने दोन्ही राज्यांत शिकार करायची ठरवली तर आधी हे पाहूनच खरेदी करावी.

पैसे कमी असतील तर कमी किमतीची बोल्ट रायफल आणि बरी दुर्बीण घ्यावी, महागडी रायफल आणि स्वस्त दुर्बीण नको. आजच्या साध्या रायफलीही शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांत बसवतात आणि तेवढं पुष्कळ झालं. स्वस्त दुर्बीण थंडीतून गरम गाडीत नेली की आतून धुकं धरते, आणि संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत, जेव्हा हरणं बाहेर येतात, तेव्हाच काळी पडते. २ ते ७ किंवा ३ ते ९ पट मोठं दाखवणारी पुरे. जंगलात ती सर्वांत कमी पटीवर ठेवावी, नाहीतर जवळच्या हरणाची फक्त केसं दिसतात.

नेम बसवणं

दुर्बीण बसवताना स्क्रू सैल राहणं हे नेम ढळण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. बेसचे, म्हणजे रायफलीवर बसणाऱ्या पट्टीचे, स्क्रू तेल पुसून टॉर्क-रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. रिंगच्या टोप्यांचे स्क्रू बहुधा १५ ते १८ इंच-पौंड, पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा अंतिम. डोळा आणि काच यांत तीन-साडेतीन इंच अंतर हवं, तेही जाड हिवाळी जाकीट घालून मोजलेलं. उन्हाळी शर्टात मोजलं तर नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीची कड भुवईवर आदळते.

पहिली गोळी २५ यार्डांवर झाडावी. बहुतेक दुर्बिणींचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ यार्डांवर एक इंच सरकायला सोळा क्लिक लागतात. इथे मध्य साधला की १०० यार्डांवर गोळी कागदावर नक्की सापडते, बहुधा दोन-तीन इंच वर. मग तीन-तीन गोळ्यांचे गट झाडून त्यांच्या मध्यावरून दुरुस्ती करावी, एकेका गोळीवरून करू नये. रायफलीचा पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवावा, नळी कधीच नाही, कारण टेकलेली नळी उसळते आणि गोळी वर जाते. दोन गटांत नळी थंड होऊ द्यावी. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते.

.३०८ला १५० ग्रेनच्या गोळीने शंभर यार्डांवर दोन इंच वर ठेवलं की दोनशेवर ती बरोबर मध्यात लागते, आणि तीनशेवर आठ इंच खाली. हरणाचं छातीतलं मर्मस्थान साधारण आठ इंचांचं. म्हणजे दोनशे यार्डांपर्यंत काही हिशेब न करता छातीवर नेम धरता येतो. एवढं झाल्यावर टेबल सोडावं. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, आठ इंचांच्या कागदी ताटलीवर पाच गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावर पाचही आत बसतात तेच तुमचं कमाल अंतर, मग रायफल कितीही लांब मारणारी असो. नेम ज्या गोळीने बसवला तीच शिकारीला न्यावी. ब्रँड किंवा वजन बदललं की पुन्हा तपासणी.

हंगामाच्या तोंडावर आणखी दोन गोष्टी बिघडतात. बोल्टमध्ये जाड तेल असेल तर उणे पंधरा अंशांत ते घट्ट होतं, फायरिंग पिन हळू आपटते आणि काडतूस फुटत नाही. बोल्ट पूर्ण पुसून जवळपास कोरडा ठेवावा. आणि बर्फात पडल्यावर नळीच्या तोंडात बर्फ गेला असेल तर गोळी झाडताच नळी फाटू शकते. तोंडावर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की हा धोका जातो, आणि नेमावर परिणाम होत नाही. खिशात एकाच प्रकारची काडतुसं असावीत, आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव नळीवरच्या नावाशी जुळवून पाहावं.

कंबरेच्या वरच्या कपड्यांपैकी किमान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवा, टोपी घातली तर तीसुद्धा. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत गोळी झाडता येत नाही. परक्या जमिनीवर असताना राहत्या घरापासून १०० यार्डांच्या आत शिकार करायला त्या घराच्या मालकाची परवानगी लागते. मचाणावर चढताना जमिनीपासूनच सुरक्षापट्टा बांधलेला असावा, आणि रिकामी रायफल दोरीने वर ओढावी. मचाणावरून पडण्याचा धोका चढता-उतरताना सर्वांत जास्त असतो.

गोळी लागल्यावर

हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे तोंड करून. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या टोकाला नेम धरावा. तिथे फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग येतो. समोरून येणाऱ्या किंवा पाठमोऱ्या हरणावर झाडू नये.

गोळी झाडल्यावर ते जिथे उभं होतं ती जागा आधी डोक्यात पक्की करावी आणि अर्धा तास जागचं हलू नये. नंतर तिथे जाऊन रक्त बघावं. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. गडद लालकाळं रक्त म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबावं. हिरवट पाण्यासारखं, वास येणारं काही असेल तर गोळी पोटात लागली आहे. लगेच मागे गेलात तर ते उठून मैलभर जाईल आणि सापडणार नाही. सहा ते आठ तास थांबलात तर बहुधा पहिल्याच दाट झुडपात आडवं मिळेल. माग संपला तर शेवटच्या थेंबापाशी रंगीत कागद टांगून गोल फिरत शोधावं.

पोट लगेच साफ करावं. हातमोजे घालून, छातीच्या हाडाखालून पात्याची धार वर ठेवून कातडी आणि पडदा कापत मागे जावं, म्हणजे आतडं फुटत नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून मोकळं करून बांधावं. मूत्राशय चिमटीत धरून काढावं. छातीचा पडदा कापून, श्वासनलिका वरपर्यंत हात घालून तोडली की सगळं एकत्र बाहेर येतं. मांस चार अंशांच्या आसपास लवकर उतरलं पाहिजे. उबदार दिवशी पोटात बर्फाच्या पिशव्या भराव्यात. ओढत न्यायचं अंतर जागा निवडतानाच मोजलेलं असावं, कारण साठ-सत्तर किलोचं धूड किलोमीटरभर ओढणं दोन माणसांनाही जड जातं. प्लास्टिकची घसरगाडी बरोबर असावी. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर.

शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात गरजूंना दान केलेल्या हरणाच्या मांसात असे कण सापडले होते. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकून द्यावं. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याची गोळी वापरावी. तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून .३०८ मध्ये १५० ऐवजी १३० ग्रेनची घ्यावी आणि तिच्यासाठी नेम नव्याने बसवावा.

शेवटची गोष्ट रोगाची. हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, शिजवून नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. सुरुवातीला हरीण धडधाकट दिसतं, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. रोग सापडलेल्या जिल्ह्यात हरणांना आमिष म्हणून दाणे टाकायला तीन वर्षं बंदी लागते, कारण एका ढिगावर तोंडं घालणाऱ्या हरणांमध्ये तो सहज पसरतो. तपासणी राज्यात मोफत होते. डोकं मानेच्या वरच्या काही इंचांसकट कापून नमुना केंद्रावर किंवा स्वयंसेवा पेटीत द्यावं, टॅगचा नंबर लिहून. तोवर मांस हाडांपासून सोडवून, पाठीचा कणा न कापता, प्रत्येक पुडक्यावर हरणाचा तोच नंबर घालून गोठवावं. दोन हरणांचं मांस एकत्र दळू नये, नाहीतर एकाचा निकाल वाईट आला की दोन्ही टाकावी लागतात. हाडं आणि कातडी जंगलात फेकू नयेत. ती कचरा डेपोत किंवा हंगामात ठेवलेल्या खास डब्यात टाकावीत, आणि पुडकी निकाल हातात आल्यावरच उघडावीत.